खावटीचा हुकूम हातात आहे, पैसे येत नाहीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयात विधी स्वयंसेवक म्हणून बसतो. वकील नाही. आमच्या टेबलाशी येणाऱ्या बायांकडे हुकुमाची नक्कल बहुतेक वेळा असतेच, प्लॅस्टिकच्या पिशवीत, चार घड्या घातलेली. केस जिंकलेली असते, पैसे तेवढे आलेले नसतात. त्यांनी विचारलेलेच प्रश्न इथे घेतले आहेत. भर मुलांच्या खावटीवर आहे. बाईच्या स्वतःच्या पोटगीचं ओघात येईल तेवढंच.

हुकूम झाला म्हणजे कोर्टच पैसे वसूल करून देईल ना?

नाही. सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं. दर महिन्याच्या दहा तारखेला पैसे जमा झाले की नाही, हे न्यायालय स्वतःहून बघत नाही. तुम्ही येऊन सांगायचं, तेही लेखी आणि वेगळा अर्ज करून.

कोणता अर्ज, ते हुकुमाच्या पहिल्या पानावर कळतं. तिथे कलम १२५ किंवा १४४ असेल तर त्याच न्यायालयात ‘वसुली अर्ज’ द्यायचा. (१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. १२५ चं १४४ झालं, बाकी गाभा तोच.) घटस्फोटाच्या निकालपत्रातच मुलांची रक्कम लिहिलेली असेल तर दिवाणी पद्धतीची ‘दरखास्त’, म्हणजे निकालाची अंमलबजावणी मागणारा अर्ज, लागते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा हुकूम असेल तर ज्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी तो दिला त्यांच्याकडेच जायचं. हुकुमाची नक्कल हरवली असेल तर घाबरू नका. कलम १२५/१४४ च्या हुकुमाची एक प्रत फुकट द्यावी, असं कायद्यातच लिहिलं आहे.

थकबाकी कितीही जुनी असली तरी चालते का?

हे नीट वाचा. १४४ खालच्या वसुलीला एका वर्षाची मुदत आहे. जी रक्कम ज्या दिवशी देणं लागली, त्या दिवसापासून एका वर्षाच्या आत अर्ज पाहिजे.

हिशेबच मांडतो. दोन मुलांचे मिळून दरमहा ४,००० रुपये, दर महिन्याच्या १० तारखेला द्यायचे, असा हुकूम आहे. मे २०२४ पासून पैसे बंद. बाई कोर्टात आली २० जानेवारी २०२६ ला. एकूण थकले २१ महिने, म्हणजे ८४,००० रुपये. पण अर्जाच्या तारखेपासून मागे एक वर्ष मोजलं तर फेब्रुवारी २०२५ ते जानेवारी २०२६ हे बाराच महिने बसतात: ४८,००० रुपये. आधीचे नऊ महिने, ३६,००० रुपये, वसुली अर्जाच्या या वाटेने मागता येत नाहीत.

ते बुडाले असं मात्र नाही. पूनगोडी विरुद्ध थंगवेल या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, वर्षाची मुदत फक्त या खास वसुलीला आहे, हक्काला नाही. जुन्या रकमेसाठी दिवाणी दावा करता येतो. पण दिवाणी दाव्याचे हेलपाटे, आणि तिथलीही मुदत, कोण सांभाळणार? म्हणून मी सगळ्यांना सांगतो, अकरा महिने पोळ्यापासून मोजा, नाहीतर पोराच्या वाढदिवसापासून, पण मोजा. ‘दिवाळीपर्यंत वाट पाहू’ असं दोनदा म्हटलं की वर्ष गेलंच समजा.

तो म्हणतो मी नगदी दिले. मी नाही म्हणते. कोर्ट कोणाचं ऐकेल?

ज्याच्याकडे कागद आहे त्याचं. पैसे दिल्याचा पुरावा द्यायचं काम त्याचं आहे हे खरं, पण तो दोन मित्रांना साक्षीला उभं करतो आणि तारखा वाढत जातात.

एका ताईंची वही मला अजून आठवते. पोराची शंभर पानी, रेघांची, मागच्या पानांवर पाढे. पुढे चार रकाने आखलेले: महिना, किती यायचे, किती आले, कसे आले. एका ओळीत लिहिलं होतं, ‘ऑगस्ट, ४०००, ५००, बाजारात भेटला तेव्हा, सोबत भाऊ होता’. तिने ते पाचशेही लपवले नव्हते, म्हणून उलटतपासणीत ती कुठेच अडकली नाही. समोरचा मात्र ‘दिले असतील चार-पाच वेळा’ असं म्हणत राहिला.

रक्कम खात्यावरच घ्या. खातेक्रमांक वसुली अर्जातही लिहा. नगदी घ्यावीच लागली तर पावती द्या आणि पावतीची नक्कल स्वतःकडे ठेवा. दिवाळीचे कपडे, जत्रेतली सायकल हे बापाने प्रेमाने दिलं असेल, चांगलंच आहे. खावटीतून ते आपोआप वजा होत नाही.

तो म्हणतो, ‘माह्याकडं काहीच नाही, वावर बुढ्याच्या नावावर हाय.’ मग वसूल कशातून करायचं?

हे उत्तर आमच्याकडे जवळपास प्रत्येक केसमध्ये येतं, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, ‘काही नाही’ हे धडधाकट माणसाचं उत्तर न्यायालयं मानत नाहीत. मजुरी करून का होईना, बायको-पोरांना पोसणं ही त्याची जबाबदारी, असं सर्वोच्च न्यायालयाने अंजू गर्ग प्रकरणात २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं. दुसरी गोष्ट, दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्याचं शपथपत्र द्यावं लागतं. हा नियम रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने सगळ्या देशाला लागू झाला, आणि ते प्रकरण निघालं होतं आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही त्याच निकालात आहे. त्याने शपथपत्र दिलं नसेल तर आधी ते मागा. दिलं असेल तर त्यातलं खोटं शोधा.

शोधायचं कुठे? सातबारा आणि आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) सरकारच्या महाभूलेख या संकेतस्थळावर बघायला पैसे लागत नाहीत. गट क्रमांक माहीत नसला तरी गाव निवडून नावाने शोधता येतं. नुसता मालकाचा रकाना पाहून थांबू नका. पीकपाहणीत कपाशी, तूर, सोयाबीन काय लावलं ते बघा. ‘इतर हक्कात’ बँकेचा बोजा असेल तर पीककर्ज कोणाच्या नावाने उचललं ते कळतं. फेरफारांची यादी पाहा. जमीन आजोबांकडून आली असेल तर ती वडिलोपार्जित असू शकते, आणि मग सातबाऱ्यावर नाव एकट्या बुढ्याचं, म्हणजे सासऱ्याचं, असलं तरी त्याच्या मुलाचा, म्हणजे तुमच्या नवऱ्याचा, हिस्सा त्यात असतो. वरुड-मोर्शीकडे संत्र्याची बाग असेल तर बहार कोणी विकला हे साऱ्या गावाला माहीत असतं. विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव लिहून आणा.

आणि हो, केस लागताच वावर भावाच्या नावाने करून देणारेही असतात. महसूल खात्याच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गावाच्या फेरफाराच्या नोटिसा दिसतात, हरकतीला १५ दिवस असतात. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपला तलाठी, नुसत्या तुमच्या तोंडी तक्रारीवर काही थांबवणार नाही. पण लेखी हरकत दिली तर नोंद वादात जाते, आणि तेवढ्या वेळात वकिलाकडून मनाईचा किंवा बोजा चढवण्याचा अर्ज टाकता येतो.

समन्स गेलं की पोलीस लिहून आणतात, ‘गावात मिळून आला नाही’. तो तर रोज पानठेल्यावर बसतो!

तुमच्या रागाशी मी सहमत आहे. पण जमादाराकडे पन्नास कागद असतात आणि त्याच्या हातातल्या कागदावर नुसतं ‘रा. अमुक गाव’ असतं. त्याचं काम सोपं करून द्या. अर्जासोबत फोटो, चालू मोबाइल नंबर, गाडीचा नंबर, वावराचा गट क्रमांक आणि तो नक्की कधी कुठे सापडतो हे लिहून द्या: ‘मंगळवारी बाजारात, दुपारी जिनिंगवर’. गावात पोलीस पाटील असतो, त्याचं नावही टाका.

न्यायालयाकडे ‘हमदस्त’ मागता येतं, म्हणजे समन्स तुमच्या हाती मिळतं आणि तुम्ही ते ठाण्यात नेऊन देता. टपालात हरवायची भीती जाते. तीन-चार वेळा असाच शेरा आला तर त्या शेऱ्यांकडे बोट दाखवून पकड वॉरंट मागा. बजावणी होऊनही तो आलाच नाही तर काम एकतर्फी चालवता येतं.

तारीख बघायला तालुक्याला यायची गरज नाही. नकलेवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख दिसते. एसटीच्या भाड्याचे तेवढेच वाचतात.

जप्ती कशावर येऊ शकते? आणि कधी?

न्यायालय दोन प्रकारे हात घालतं. एक, जंगम मालमत्तेची जप्ती आणि विक्री: मोटारसायकल, घरात पडलेला कापूस, तुरीचे कट्टे. दोन, जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. मग कागद तहसीलमधून तलाठ्याकडे येतो. हा दुसरा मार्ग लोक विसरतात. बेलीफाला चुकवणारा माणूस तलाठ्याला चुकवत नाही, कारण उद्या त्याला सातबारा लागणारच असतो.

दरखास्तीच्या वाटेने गेलात तर काही वस्तूंना कायद्याचं संरक्षण आहे: शेतीची अवजारं, बैलजोडी, बियाणं, शेतकऱ्याचं राहतं घर. त्यावर वेळ घालवू नका.

‘कधी’ याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही, माझ्या टेबलावर आहे. जून-जुलैत जप्ती गेली तर घरात खत आणि कर्ज याशिवाय काही नसतं. कापूस वेचून घरात येतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. अर्ज पावसाळ्यातच द्या, म्हणजे नोटीस, म्हणणं, दोन-तीन तारखा होऊन वॉरंट निघेपर्यंत सीतादही, म्हणजे कापूस वेचणीची पूजा, पार पडलेली असते. भंडारा-गोंदियाकडे धानाचं वेळापत्रक धरा. विकलेल्या मालाची काटापट्टी (वजनाची पावती) त्याच्याच नावाने फाटलेली असते, आणि ‘काहीच नाही’ला त्याहून चांगलं उत्तर नाही.

तो नोकरीत आहे. पगारातून थेट कापता येईल का?

येईल, आणि नोकरीवाल्याकडून वसुली शेतकऱ्यापेक्षा कितीतरी सोपी. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २०(६) मध्ये मालकाला थेट हुकूम देता येतो, की इतकी रक्कम कापून बाईला द्या किंवा न्यायालयात जमा करा. दिवाणी दरखास्तीत गणित असं आहे: साध्या कर्जाच्या वसुलीत पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात, पोटगीच्या हुकुमात एक तृतीयांशच सुरक्षित, दोन तृतीयांशपर्यंत जप्ती होऊ शकते. अर्जात कार्यालयाचा पूर्ण पत्ता आणि पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम लिहा. ‘झेडपीत आहे’ एवढ्यावर कोणी काही कापत नाही.

जेलमध्ये गेला तर पैसे फिटले का?

नाही फिटत. वॉरंट काढूनही रक्कम आली नाही तर न्यायालय एक महिन्यापर्यंत, किंवा त्याआधी पैसे भरले तर तोवर, कैद देऊ शकतं. पण कैद ही वसुलीसाठीची दाबणी आहे, देणं फेडणं नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर प्रकरणात १९८९ मध्येच हे स्पष्ट केलं. सुटून आल्यावरही थकबाकी तेवढीच, आणि पुढचे महिने चुकवले तर पुन्हा अर्ज.

सासरचे येऊन ‘पोराच्या बापाला जेलात टाकते का?’ म्हणतात तेव्हा बाई कचरते. माझं पाहणं असं, की जेलची पायरी दिसायला लागली की कुठून तरी निम्मे पैसे निघतात. ते घ्या, पुरशिसमध्ये (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात) नेमका आकडा लिहा, आणि उरलेल्यासाठी अर्ज चालू ठेवा. निम्म्यावर केस काढून घेऊ नका.

तो पुण्याला, सुरतला निघून गेला. आता?

हुकूम त्याच्या मागे जातो. तो जिथे असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अंमलबजावणी मागता येते (आताचं कलम १४७). सोपा मार्ग म्हणजे आपल्या कोर्टातून वॉरंट तिथल्या ठाण्यात पाठवणं. त्यासाठी खोलीचा पत्ता आणि कंपनीचं किंवा ठेकेदाराचं नाव लागेल. ते गावातल्याच सोबत्यांकडून मिळतं; चाकणला आपला माणूस एकटा जात नाही.

आमची फारकत स्टॅम्पपेपरवर झाली. ‘पोरांसाठी काही मागणार नाही’ असं मी सही करून दिलं. हक्क गेला?

तुमच्या सहीने मुलांचा हक्क जात नाही. तो हक्क मुलांचा आहे, सोडून द्यायला तो तुमचा नव्हताच. शंभरच्या काय, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर पंचांनी अंगठे मारले तरी तेच. खुद्द ती फारकत कायद्यात टिकते का, हा वेगळा प्रश्न आहे. मुलांच्या खावटीला तो आड येत नाही.

तंटामुक्त समितीत बसून तोडगा निघत असेल तर जरूर बसा, वेळ वाचतो. पण समितीला जप्ती करता येत नाही. ठरलेलं लोकअदालतीत नोंदवून घ्या, म्हणजे त्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ येतं.

‘पोराईले भेटू देत नाही त काहून पैसे देऊ?’

भेट आणि खावटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भेटू देत नसेल तर त्याने भेटीसाठी अर्ज करावा. पैसे अडवता येत नाहीत. उलटही खरं आहे बरं का: पैसे दिले नाहीत म्हणून कोर्टाने ठरवलेली भेट तुम्हीही अडवू नका, तेच तो न्यायाधीशांना दाखवेल.

मी दुसरं लग्न केलं तर?

तुमची पोटगी थांबते. मुलांची नाही.

आम्ही मुस्लिम आहोत. आम्हाला हे लागू आहे का?

आहे. मुलांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नूर सबा खातून प्रकरणात मान्य केला. तलाक झालेल्या बाईलाही हेच कलम वापरता येतं, हे १० जुलै २०२४ च्या निकालाने पक्कं झालं.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

बाई आणि मूल यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुका न्यायालयातच विधी सेवा समिती असते. फोनवर १५१०० लावा. महाराष्ट्रात पोटगीच्या कामात बायांना कोर्ट फी माफ आहे. मोफत वकील टाळाटाळ करत असेल तर बदलून मागता येतो. संकोच करू नका, लेखी अर्ज द्या.

वसुली होईपर्यंत घर कसं चालवायचं?

दोन अर्ज तहसील आणि जिल्ह्याला टाकून ठेवा. घटस्फोट होऊनही पोटगी न मिळणाऱ्या बाईला संजय गांधी निराधार योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळू शकतात. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवं. ही अट आजच्या मजुरीकडे पाहता हास्यास्पद आहे, पण आहे. एकट्या पालकाच्या मुलासाठी बालसंगोपन योजना आहे, मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. अर्ज महिला व बालविकास कार्यालयात. लाडकी बहीण आणि निराधार दोन्ही एकत्र चालत नाहीत.

बाप वारला तर सगळं संपलं का?

पुढची मासिक खावटी थांबते. पण घटस्फोटाने नवरा-बायकोचं नातं तुटतं, बाप-लेकराचं नाही. हिंदू वारसा कायद्यात मुलगा-मुलगी पहिल्या वर्गाचे वारस आहेत. घरचे लोक तेराव्याच्या आधीच वारस नोंद करून मोकळे होतात आणि त्यात तुमच्या मुलांची नावं ‘राहून’ जातात. मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले घेऊन तलाठ्याकडे स्वतः अर्ज द्या, पालक म्हणून तुमची सही चालते. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

पोरगा अठराचा झाला. मागची थकबाकी गेली का?

नाही. अठरा पूर्ण होईपर्यंतचे महिने देणं लागतातच, फक्त वर्षाची मुदत इथेही चालू असते, म्हणून वाढदिवसानंतर लगेच या. अविवाहित मुलीचं वेगळं आहे: ती स्वतःचं पोट भरू शकत नसेल तर हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली लग्न होईपर्यंत मागू शकते. त्यासाठी मात्र नवा, वेगळा दावा लागतो आणि तो तिच्याच नावाने असतो. येताना तिलाही सोबत आणा, आणि तिचं आधार, टी.सी. आणि बँकेचं पासबुक.